गळकी ओंजळ

चिमटा पुरता तापला की नाही, हे पाहायला मालगुजारीणबाईनं त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. चर्र झालं. मग ती म्हणाली, "हात पसर."

मी नऊ वर्षांची होते. रोहण्याजवळचं आमचं खेडं तिच्या नवऱ्याच्या, मालगुजाराच्या, मालकीचं; मी तिच्या गोठ्यातलं शेण काढायचे. गुन्हा एवढाच, की अंगात ताप होता, माठ जवळ होता आणि पाणी वाढायला कोणी नव्हतं. आम्ही महार. आम्हाला पाणी हातभर वरून ओंजळीत पडायचं. त्या दिवशी मी स्वतःच्या हातानं माठात गडवा बुडवला. तिनं दोन्ही तळहात भाजले. आधी उजवा, मग डावा. घाई नव्हती तिला.

मोठी धार्मिक बाई. देव्हाऱ्यात इतके देव, की त्यांना अंघोळ घालता घालता तिची सकाळ सरायची. बाटला म्हणून माठ तिनं फोडला. देव नाही फोडले. त्यांनी तर सगळं बसून पाहिलं होतं.

आईबाप लहानपणीच गेले. मला काकानं वाढवलं, असं गाव म्हणायचं. वाढवलं कसलं, मारून मारून उरले ती मी. माझी किंकाळी ऐकून तो धावत आला. मला वाटलं, मला घ्यायला आला. त्यानं अंगणातली कपाशीची वाळकी पऱ्हाटी उचलली आणि बाईसमोर माझ्या पाठीवर मोडली. एक मोडली, दुसरी घेतली.

"तुमी काऊन तरास घेता बाई? मले सांगाचं ना."

बाई खूश झाली. तिनं त्याला भाकर दिली, लांबून फेकून. त्यानं ती झेलली. चिमट्यापेक्षा त्या झेलण्याचा राग माझ्या मनात जास्त आहे.

हात बरे झाले, पण कातडी ओढली गेली. बोटं नीट जुळेनात. ओंजळ गळायला लागली. तरी पाणी वरूनच. अर्धं कोपरावरून मातीत जायचं आणि वाढणारी हसायची, "पोरीले पानी बी पेता येत नाई!" अशी सात वर्षं गेली.

सोळाव्या वर्षी काकानं माझा डावा हात मोडला. शेजारच्या म्हातारीनं मला बैलबंडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथं रूथबाई नावाची नर्स होती, आमच्यातलीच, ख्रिस्ती झालेली. मी पाणी मागितलं. ती आली, तशी मी सवयीनं उजवा हात तोंडाशी धरून वाकले.

"हे काय करून राह्यली तू? गिलास धर."

"बाटन ना बाई तुमचा गिलास."

"बाटू दे. मंग मी बी त्यातच पेतो."

आणि प्यायली. माझं उष्टं पाणी. हाड बसवताना मी रडले नव्हते, तेव्हा मात्र ढसाढसा रडले.

पुढे मी तिथंच झाडलोटीला राहिले. एका प्रार्थनेत पाळकसाहेबांनी विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगितली. तिच्या जातीच्या हातचं पाणी कोणी पीत नव्हतं. येशू दमून विहिरीशी बसलेला, आणि त्यानं तिलाच पाणी मागितलं. पुढची गोष्ट मला ऐकूच आली नाही. मी माझे तळहात पाहत बसले. तेहतीस कोटींपैकी एकालाही माझ्या हातचं पाणी चाललं नव्हतं. ह्याला तहान लागली होती. मी त्याची झाले.

गावात म्हणाले, भाकरीसाठी बाटली. भाकर काकालाही मिळत होती. झेलायची तयारी असली, की भाकर कुठंही मिळते.

बाप्तिस्म्यानंतर माझं पहिलं प्रभुभोजन होतं. एकाच भाकरीचे तुकडे आणि चांदीचा एकच प्याला, त्यातून सगळ्यांनी एकेक घोट द्राक्षरस घ्यायचा. बायकांच्या बाजूची पहिली सतरंजी मोकळी दिसली, म्हणून मी तिच्यावर बसले. मागून आईसाहेब आल्या. मंडळीचा कारभार बघणाऱ्यांना 'वडील' म्हणतात, त्यातल्या मोठ्या वडिलांची बायको. हिच्या आजेसासऱ्यानं म्हणे जानवं तोडून बाप्तिस्मा घेतला होता. जानवं तुटलं, गाठ तेवढी घरात राहिली.

"तू मागे बस. इथं जुनी घराणी बसतात. प्याला आधी आमच्याकडे येतो."

मला समजायला वेळ लागला नाही. ह्या शाळेत मी नऊ वर्षांची असल्यापासून होते. ह्यांनी आधी प्यायचं, म्हणजे आमचं उष्टं ह्यांच्या ओठाला लागत नाही. मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते भाकरीकडे पाहत राहिले. मागे वळले, तर शेवटच्या सतरंजीवर रूथबाई. माझं उष्टं पिणारी रूथबाई मला हातानं खुणावत होती, इकडे ये.

उठून कायमचं निघून जावं, असं वाटलं. पण येशूनं पाणी मागितलं होतं ते माझ्यासारखीला. आईसाहेबांना नाही. मग मी का जायचं?

"आईसाहेब, प्याला तुमच्या घरचा हाय का?"

"उठतेस की नाही?"

"नाई उठत. माह्यं उष्टं चालत नसन, तर तुमी तहानल्या जा."

आईसाहेब सुनांसह अंग चोरून त्याच सतरंजीच्या टोकाला बसल्या. प्याला आला. मी दोन्ही हातांनी धरला. सावकाश प्यायले. मग पाळकसाहेबांनी तो आईसाहेबांपुढे केला. त्या पदर तोंडाला लावून उठल्या. मागोमाग दोन सुना उठल्या, पुरुषांच्या बाजूनं त्यांचा नवरा उठला. प्रभूच्या पंगतीतून चार माणसं माझ्या थुंकीला भिऊन पळाली. प्याला तेवढा फोडला नाही. चांदीचा होता.

"क्षमा कर," सगळे सांगतात. रूथबाईही सांगते. करीन. काकाला, मालगुजारीणबाईला, आईसाहेबांना, सगळ्यांना करीन. पण आधी त्यांनी येऊन माझ्या शेजारी बसावं आणि मागावी. न मागता फेकायला ती भाकर नाही.

तोवर दर प्रभुभोजनाला मी सगळ्यांच्या आधी येते आणि पहिल्या सतरंजीवर बसते. आता रूथबाईलाही हाताला धरून आणते. प्याला आधी आम्ही पितो. मागून ज्याला प्यायचं त्यानं प्यावं, नाहीतर चालतं व्हावं. मी उठणार नाही.