खडूच्या दोन रेषा आणि एक दस्ती

इंजिन सोमवारी कापायला घेणार, असा निरोप गुरुवारी आला.

वाळूजच्या एका भंगार यार्डात मीटरगेजचं वाफेचं इंजिन उभं होतं. बंद पडलेल्या एका साखर कारखान्याच्या आवारातून लिलावात आलेलं. जुनी इंजिनं जपणारे आम्ही सात जण आहोत. यार्डाच्या मालकाने ते अख्खं द्यायचं कबूल केलं, पण रविवारी न्यायच्या अटीवर. ट्रेलर ठरला. बाकीचे सहा जण त्याच्याबरोबर येणार होते. आदल्या दिवशी जाऊन इंजिन तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्या कारखान्यात हेच इंजिन सांभाळणारे फिटर माझे मामा आहेत.

नाशिकरोडहून सकाळची गाडी बरी पडते. मनमाडला डबा रिकामा होतो आणि खिडकी मिळते. पुढे नगरसोल, रोटेगाव, मग दोन्ही बाजूंना कपाशी. लासूर स्टेशनला मामा चढले. वय बहात्तर, अंगाने काटकुळे. गळ्यात लाल चौकटीची दस्ती. हातरुमालाहून मोठी, उपरण्याहून लहान. तिच्याशिवाय मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

“दशम्या आणल्यास का?” हे त्यांचं पहिलं वाक्य.

मी डबा पुढे केला. दौलताबादचा किल्ला खिडकीतून सरकून गेला तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

“भीती वाटायची का मामा, वाफेची?”

“सूं सूं करतंय तवर भ्यायचं नाय. गप झालं की भ्यायचं,” ते म्हणाले. “गप झालं म्हंजी आत काय चाललंय ते कळत नाय.”

शहराच्या स्टेशनवरून वाळूजला शेअर रिक्षा मिळतात. कंपन्यांची पाळी सुटायची वेळ टाळा, नाहीतर पंधरा मिनिटांच्या रस्त्याला तास लागतो. यार्डात जाणार असाल तर जाड तळव्यांचे बूट आणि पूर्ण बाह्या हव्यात. जमीन दिसत नाही, फक्त पत्र्याच्या चिंध्या दिसतात.

टपरीवर चहा घेऊन आत निघालो, तर फाटकाशी मालक हमीदभाई भेटले. अंगात कडक शेरवानी, पायांत चपला. पुतण्याच्या लग्नाला निघाले होते.

“आओ जी, देखो आरामसे. लेकिन मशिनी को हात नक्को लगाना,” ते म्हणाले, आणि गेले.

आत एका टाकीवर दोन कामगार गॅस कटर चालवत होते. टाकीवर पांढऱ्या रेषा आखलेल्या. ज्योत रेषेवरून सरकत होती, जराही इकडेतिकडे न होता. ही सफाई मला आवडली. मी फोटो काढला. आज तो फोटो उघडवत नाही.

इंजिन शेवटी, भिंतीला लागून होतं. मी कल्पनेत ते मोठं केलं होतं. प्रत्यक्षात लहान होतं, गंजून विटकरी झालेलं, चाकं अर्धी मातीत. मामांनी हात लावला नाही. एक फेरी मारली. मग म्हणाले, “घंटी कुणी नेली रं?” जणू घंटा नेणारा समोर उभा होता.

रविवारी हायड्रा क्रेनने इंजिन उचलायचं होतं. क्रेनचे पट्टे चौकटीखालून घेऊन बॉयलरच्या अंगावरून वर आणायचे. ते नेमके कुठून घ्यायचे, हे मामांनी बोटाने दाखवलं आणि मी खडूने आखलं. एक रेषा पुढे, धुराड्यामागे. एक मागे, केबिनच्या अलीकडे. जाड रेषा, दुरून दिसाव्यात म्हणून. माझ्या हाताने.

“आता पोट बघतो,” मामा म्हणाले. पोट म्हणजे बॉयलर. त्याच्या नळ्या बघायला पुढचं गोल दार उघडून आत शिरावं लागतं. त्यांनी गळ्यातली दस्ती काढली आणि दाराच्या कडीला गाठ मारून बांधली.

“हे कशाला?”

“आत माणूस हाय म्हणून. कारखान्यात रीतच व्हती. ज्याची दस्ती त्यानंच सोडायची. दस्ती दिसली की कुणी इस्तू पेटवायचा नाय, दार लावायचं नाय. हाक मारायची आधी.”

ते आत गेले. पायही दिसेनासे झाले. ट्रेलरवाल्याचा फोन आला, तिथे नीट ऐकू येईना, म्हणून मी फाटकापाशी गेले. अर्ध्या तासाने परत आले तर मामा काजळी झटकत बाहेर उभे होते. दार त्यांनी लोटलं होतं.

“नळ्या गेल्या. पर पोट शाबूत हाय. नव्या नळ्या घातल्या तर फुकेल.”

फुकेल, म्हणजे वाफ धरेल, चालेल. त्यांनी हा शब्द दोनदा उच्चारला. आम्ही जेवायला बजाजनगरला गेलो.

खानावळ कामगारांची आहे. शेवभाजी, भाकरी, ठेचा. पोट भरतं, दर पाटीवर लिहिलेले असतात. शेवभाजीचा रस्सा आधी चाखून बघा, मग भाकरी बुडवा. मामांनी हात धुतले, गळ्याशी नेले आणि ते थांबले.

“दस्ती राहिली.”

“राहू दे. नवी घेऊ.”

“नवी कशाची घेते? दस्ती बांधलेली हाय म्हंजी मी आत हाय.”

“तुम्ही इथे आहात, मामा. समोर भाकरी आहे.”

“ते तुला ठाऊक. कडीला ठाऊक हाय व्हय?”

मी हसले. भाकरी मोडायला हात पुढे केला. बोटांना खडू लागलेला होता. धुवूनही नखांच्या कडेला पांढरं राहिलं होतं.

ती टाकी डोळ्यांपुढे आली. रेषेवरून सरकणारी ज्योत.

मी काय बोलले आठवत नाही. मामांच्या चेहऱ्यावरून त्यांना कळल्याचं दिसलं. जेवण तसंच सोडून आम्ही रिक्षात बसलो. हमीदभाईंचा फोन बंद होता. लग्नात कोण उचलणार? दुसरा नंबर आमच्याकडे नव्हता. आणि पाळी सुटली होती. मोटारसायकली, कंपन्यांच्या बसगाड्या. रिक्षावाला म्हणाला, “ताई, उडून जाऊ का?” मामा दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून होते. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, ते देवाचं नाव घेत आहेत. नंतर कळलं, ते मिनिटं मोजत होते: वरचा पत्रा कापायला किती, बॉयलरचा जाड पत्रा कापायला किती.

फाटकाशी उतरलो तेव्हा यार्ड गप्प होतं.

कटरचा आवाज असता तर मी धावले असते. तो नव्हता. मी फाटक धरून उभी राहिले. मामाच पुढे गेले.

इंजिनासमोर एक माणूस मातीत बसला होता. काळा चष्मा कपाळावर, कटर विझवून बाजूला ठेवलेला. हे कादरभाई, यार्डातले सर्वांत जुने कारागीर. सकाळी सुट्टीवर होते. दुपारी आले, इंजिन अख्खं जाणार हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मामांना पाहून ते उठले आणि त्यांनी मामांचे दंड पकडले.

“चाचा! तुम बाहर हो?”

“बाहेर हाय बाबा. बाहेर हाय.”

“मेरी तो जान निकल गई. सुबह चाय की टपरी पे तुमकू देखा था, यही दस्ती गले में. आके देखा, ताजी लाइन मारी हुई. सोचा कल गाडी आ रही, टुकडे करके भरना होगा. शुरू कर दिया. पाइप खींचने कू सामने आया तो दस्ती! दार बंद! मैं चिल्लाया, चाचा, चाचा... अंदर से आवाजच नै.”

दार उघडून आत बघायचं धैर्य त्यांना झालं नव्हतं. टाकीवरचे दोघे जेवायला गेले होते. कादरभाई तिथेच बसले होते, कुणीतरी येण्याची वाट बघत.

पुढच्या रेषेवर वीतभर चीर पडली होती. वरचा पत्रा आरपार गेला होता, आतून अ‍ॅस्बेस्टॉसचा पांढरा भुसा सांडत होता. मामांनी मला मागे ओढलं. “श्वास घेऊ नगं. वाईट असतंय ते.” त्यांनी गोणपाट ओलं करून चिरेला लावलं, भुसा दाबून बसवला. मग तोंडाला माझी ओढणी बांधून चिरेत बोट घातलं. डोळे मिटले. कादरभाई आणि मी त्यांच्या बोटाकडे बघत राहिलो.

“नखभर लागलंय पोटाला,” ते म्हणाले.

“म्हणजे फुकणार नाही?”

“आता मी नाय सांगू शकत. तपासणीवाला सांगंल.”

‘फुकेल’ हा शब्द ते पुन्हा बोलले नाहीत. मी दोन्ही रेषा ओल्या फडक्याने पुसल्या आणि त्यांच्या जागी सुतळी बांधली.

मुक्काम पुंडलिकनगरात मामांच्या मुलीकडे होता. तिथे हमीदभाईंचा फोन आला. हकीकत सांगितली. ते म्हणाले, “खडू मेरे यार्ड में नक्को लाना, बहन.”

रविवारी ट्रेलर आला. सुतळीच्या खुणेवर पट्टे बसले. मातीतून चाकं सुटली. कादरभाई जवळ येऊन दाराची कडी एकदा हलवून गेले. दस्ती अजून तिथेच होती.

“सोडा ना आता,” मी मामांना म्हणाले.

“राहू दे. उतरवताना तुमच्यातलं कुणीतरी आत वाकणारच.”

परतीच्या गाडीत ते लासूरला उतरले. गळा मोकळा होता, म्हणून क्षणभर ओळखू आले नाहीत.

आता इंजिन नाशिकजवळच्या शेडमध्ये उभं आहे. बॉयलरची तपासणी व्हायची आहे. मला झोप लागते, पण उशिरा. घरी आल्यावर मी सगळा दिवस क्रमाने मांडून पाहिला. हा वृत्तांत लिहायचा होता म्हणून. तेव्हा एक गोष्ट दिसली. मी रेषा आधी आखल्या. मामा नंतर आत गेले. अर्धा तास ते त्या दोन रेषांच्या आड होते आणि मी फाटकापाशी फोनवर होते. कादरभाई त्या दिवशी उशिरा आले. एवढंच.

मी मामांना फोन केला. क्रम सांगितला.

“व्हय,” ते म्हणाले. “मला खानावळीतच कळलं व्हतं.”

मग म्हणाले, “तुझ्या मामीला बोलू नगं. ती मला स्टेशनापर्यंतबी जाऊ द्यायची नाय.”

मामी इंटरनेटवर नाही, म्हणून लिहिते आहे.

शेडच्या भिंतीवर मी नियम लिहिला: दस्ती बांधल्याशिवाय आत जायचं नाही. हाताला लागला त्या खडूने लिहिला. सकाळी जाऊन पुसला आणि रंगाने लिहिला.