धानाभोवतीचे दगड

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही — नवऱ्यालाही नाही.

आमचं गाव आता गोंदियाला चिकटलंय. नवा रुंद रस्ता दारावरून गेला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मलाच. का? अहो, अंगण वीतभर आणि धान ढीगभर! इथे सगळेच रस्त्यावर धान वाळवतात, गाड्या वर चढू नयेत म्हणून काठाने दगड मांडतात. मीही मांडले, चांगले डोक्याएवढे.

त्या संध्याकाळी धान भरून घरात नेलं. दगड तिथेच राहू दिले. उद्या लागणारच होते ना? खरं सांगते — आळस केला.

गावातला रूपचंद शहरातलं गवंडीकाम आटोपून सायकलने परतत होता. अंधारात चाक दगडावर गेलं, तो रस्त्यात पडला — आणि मागून ट्रक. आवाज ऐकून मीच पहिली धावले. आणि काय केलं? आधी दगड उचलून झुडपात फेकले. सगळे. मग त्याच्याकडे वळले, तर तो गेलेला. मी दगड फेकत होते तेव्हा त्याच्यात जीव होता का? मला माहीत नाही, मी पाहिलंच नव्हतं.

पोलिसाने विचारलं, "पिऊन होता का?"

"हव," मी म्हटलं. कागदावर काय लिहिलं ठाऊक नाही. गावात मात्र रूपचंद कायमचा बेवडा ठरला.

त्याची बायको सुकवंता माझ्याच शेतात धानाची रोपं लावायला, रोवणीला येते. एकदा शेजारी वाकून म्हणाली, "बाई, त्याईनं कधी पेली नाही. मंग पडले कायले?" मी म्हटलं, चिखल आहे, पाय जपून टाक. लाज वाटली? वाटली. तरी घरी येऊन पोटभर जेवले.

काल धान पुन्हा रस्त्यावर आलं. नवरा ओरडला, "दगड कुठी ठेवलेस व?" मी धानाखालची ताडपत्री धरली आणि सगळं धान अंगणात ओढून आणलं. तो अजून फुगून बसलाय. बसू दे.

आता सुकवंताकडे निघाले आहे. तिथून पोलीस ठाण्यात. ती झिंज्या धरेल, तर धरू दे. रूपचंद प्यायला नव्हता. दगड माझे होते. ते मी उचलले — पण तो पडल्यावर.