तीन पट्टे आणि एक वायसर

नांदेडच्या गॅरेजवाल्याने मला फसवलं. त्याने डायनामो बसवून दिला तेव्हापासून माझ्या जुन्या जीपचा पट्टा किंचाळायचा. त्याने तीनदा पट्टा बदलला, किंकाळी तशीच. माझ्याआधी ती बाजारात पोचायची आणि मी खरेदीला येतोय हे ओळखून व्यापारी भाव चढवून बसायचे.

लोह्याजवळ ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक म्हातारा भेटला. नाव त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्याने चालत्या पट्ट्यावर पाणी शिंपडलं. आवाज थांबला, लगेच परत आला. मग इंजिन बंद करून त्याने पुल्यांवर सुतळी ताणली आणि एक डोळा मिटला.

"पट्टा रडून राहिला, मालक, पण मारणारा दुसराच हाय. डायनामो तिरका बसलाय. खालचा वायसर कुठंय?"

"मला काय विचारता मामा, मी खाल्ला का?" मी भडकलो.

"न्हाई, बसवणाऱ्यानं खाल्ला," म्हणत त्याने आपल्या डब्यातला वायसर, म्हणजे एक लोखंडी चकती, डायनामोखाली घातला. जीप एकदम गप्प झाली.

पुढच्या बाजारी नायगावला मी व्यापाऱ्यांच्या पाठीमागे जीप नेऊन उभी केली, तरी कोणाला चाहूल नव्हती. मनासारखा भाव करून थेट नांदेड गाठलं. काढलेले तिन्ही पट्टे गॅरेजवाल्याच्या टेबलावर आपटले.

"वायसर तू विसरलास. यांचा गुन्हा काय होता? बोल!"