शांबाची शंका

शांबाला मी पहिल्यांदा पाहिलं ते मुळगावच्या रस्त्यावर, ओणवा होऊन गटारात बघताना. खनिजाने भरलेला ट्रक पुढे उभा होता, इंजिन चालूच. मी सायकल थांबवून विचारलं, "काय हरवलं?"

"हरवूक नाय. चाकाखाली कायतरी इला. माणूस नाय मा, ता बघतंय."

तिथे एक खड्डा होता. त्याने तो नीट पाहिला, ट्रककडे चालू लागला, अर्ध्या वाटेतून परत आला आणि पुन्हा पाहिला.

मी तेव्हा डिचोलीत एका खाण कंपनीच्या वर्कशॉपात स्टोअर सांभाळत होतो. महिनाभरात शांबा माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आला. गाव दोडामार्गापलीकडे, बायको सुशीला तिकडेच. माणूस निर्व्यसनी, हात चांगला, आयुष्यात त्याच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. तरी प्रत्येक दणक्याला त्याला वाटे, कोणाला तरी उडवलं. मग थांबायचं, मागे जायचं, बघायचं. इतरांच्या निम्म्या खेपाही त्याच्या होत नसत. सुपरवायझरने दोनदा बजावलं होतं, असंच चाललं तर घरी जा.

सकाळी पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, उंडे चहात बुडवत तो माझा पेपर वाची. त्या दिवसांत मराठी की कोकणी यावरून घराघरांत भांडणं होती. तो ते सगळं ओलांडून फक्त अपघात शोधी. संध्याकाळी मला विचारी, "वसंता, माझ्याकडसून काय झाला नसतला मा?" मी म्हणे, "नाही रे." तेवढ्यावर त्याचं घटकाभर भागे. मग परत तेच. आपण त्याला धीर देतो आहोत अशी माझी समजूत होती.

आजाराला नाव असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यावरचा उपाय त्याला सापडला तोही अडकून पडल्यामुळे. भाषेच्या आंदोलनात एक दिवस रस्त्यावर झाडं आडवी टाकली होती. शांबाचा ट्रक मध्ये, पुढेमागे गाड्यांची रांग. नेमका त्याआधी एक दणका बसला होता, आणि लोक कोणाला खाली उतरू देईनात. दोन तास तो स्टिअरिंग धरून बसला. मला नंतर सांगितलं, "गळ्यापर्यंत इली रे शंका. आता मी मरतलंय म्हटलं. मगे आपसूकच उतारली. मी कायएक करूक नाय, तरी उतारली."

त्यावर त्याने फार विचार केला असावा. आठवड्याने त्याने स्वतःचे नियम मला ऐकवले. आरशात एकदाच बघायचं. मागे जावंसं वाटलं तर पुढच्या मैलाच्या दगडापर्यंत थांबायचं, तिथून त्याच्या पुढच्या दगडापर्यंत. पेपर वाचायचा नाही. आणि मला ताकीद, "मी इचारलंय तरी सांगू नको. शंका म्हणजे पावणो. चाय दिलास काय जेवूक रवता."

पहिले काही दिवस वाईट गेले. तो घामाने भिजून येई, ओठ चावून फुटलेले. मी गप्प बसे. हळूहळू खेपा वाढल्या. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाल्याचे फटाके वाजत होते, तेव्हा तो अंगणात शांतपणे बनियन धूत होता. सलग एकवीस दिवस तो मागे फिरला नव्हता.

त्यानंतरच्याच आठवड्यात मुळगावच्या रस्त्यावर गवताचा भारा घेऊन जाणारी एक बाई ट्रकखाली सापडून गेली. ट्रक थांबला नव्हता. बातमी वर्कशॉपात दुपारीच आली. शांबाच्या चार खेपा त्या रस्त्याने झाल्या होत्या.

संध्याकाळी तो माझ्या दारात आला. "वसंता, माझ्याकडसून झाला?"

मी ताटातला भात कालवत राहिलो. त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. चप्पल घातली आणि निघाला. मला वाटलं, पाय मोकळे करायला गेला असेल. तो पोलीस स्टेशनवर जाऊन "मीच मारलंय" असं लिहून देऊन आत बसला होता.

दोन दिवसांनी त्याला सोडलं. दुसऱ्याच एका ट्रकचा फुटलेला दिवा आणि पळालेला ड्रायव्हर, दोन्ही सापडले होते. शांबा आला तेव्हा मी दारातच होतो. मी म्हणालो, "माझं चुकलं. मी बोलायला हवं होतं."

"काय बोलतलंस? तुका तरी खय ठावक होता?" मग म्हणाला, "आता गप रवू नको. 'माहीत नाय' म्हण. खरा ता ताच."

आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे नियम पुन्हा पहिल्यापासून सुरू. एकदा मला स्टोअरचं सामान घेऊन जेटीवर जायचं होतं, मी त्याच्या केबिनमध्ये बसलो. ती बाई गेली त्या जागेजवळ चाक खड्ड्यात गेलं. त्याने आरशात एकदा पाहिलं. मान ताठ झाली. दोन मैल गेल्यावर मी विचारलं, "कमी झाली?"

"नाय."

"मग?"

"मगे काय, गाडी चलवतंय."

पुढे चारेक वर्षांनी त्याला कावीळ झाली. तो गावी गेला आणि तिथेच गेला. बातमी एका ड्रायव्हरने नटबोल्ट मागता मागता सांगितली. मी नटबोल्ट मोजून दिले. मला काही वाटलं नाही, आणि काही वाटलं नाही याचंही काही वाटलं नाही. त्या संध्याकाळच्या गप्प बसण्याबद्दलही माझं असंच आहे. बरोबर होतं की चूक, दोन्ही बाजूंनी विचार केला की आत काहीच हलत नाही.

सुशीला त्याच्या कामाचा दाखला न्यायला आली होती. स्टोअरमध्ये स्टुलावर बसली. मी चहा मागवला. म्हणाली, गावी आजारपणात शंकेने नवीनच जागा धरली होती. गोठ्याची कडी लागली की नाही. मोरीपर्यंत उठून जाई, बाकी अंथरुणावर पडून दिवसभर तेच.

"शेवटी तरी गेली का?" मी विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "पण बघूक म्हणान तो एकदाव उठलो नाय."