जागेबरोबर मिळणारा माणूस

"ये बुड्ढा जगह के साथ आएगा, सर. फ्री."

एजंट हे म्हणाला तेव्हा माझा बापूस माडाच्या अर्ध्यावर होता. वय सदुसष्ट. गुडघा दुखतो म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने पाडप, माडावर चढून नारळ पाडायचं काम, सोडलेलं. पण दिल्लीची दोन जोडपी गाडीतून उतरली, आणि एजंटाने अंगणातून हाक मारली, "ए म्हाताऱ्या, शहाळी काढ पाहुण्यांक." बापसाने कमरेला कोयता बांधला आणि चढला. कोणी सांगितलं की चढायचं. जन्मभर हेच केलेलं.

खाली मोबाइल वर धरून चौघं शूटिंग करत होती. मी विहिरीवर कपडे धूत होते. मोरजीच्या गेस्टहाउसात चादरी बदलते मी, हिंदी चांगली समजते. फ्री. जागेबरोबर फ्री. हातातला कपडा तसाच राहिला.

बापसाने चार शहाळी पाडली. उतरताना गुडघा मोडल्यासारखा झाला आणि शेवटची दोन पुरुष उंची तो घसरत आला, माडाला छाती घासत. सदरा फाटला, छातीचं नि तळहातांचं कातडं सोललं. तशाच हाताने त्याने शहाळं तासून एका बाईपुढे धरलं. बाईने घेतलं, बघितलं, आणि परत दिलं.

"खून लगा है इसपे."

एजंट हसला. बापूसही हसला. तो हसला म्हणून मला जास्त संताप आला.

हा एजंट कोण, आमच्या अंगणात कसा, ते सांगते.

आम्ही पेडण्यातले मुंडकार. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, माडांच्या जागेत घर करून राहिलेली माणसं. बापसाचा आजा इथं आला तो माड राखायला. मग आजा गेला, बाप गेला, माड राखणं राहिलं. दर पाडपाला फुकट चढायचं. चवथीच्या आधी भाटकाराचं अंगण मी सारवायचं, नऊ वर्षांची होते तेव्हापासून. घराचं एक कौल बदलायचं तर भाटकाराच्या बल्कांवाखाली, त्याच्या पुढच्या ओट्याच्या पायरीच्याही खाली उभं राहून विचारायचं. तो वर्तमानपत्र वाचून संपवायचा, मग बघायचा. "बघुया," म्हणायचा. त्या बघुयामध्ये आमचा एक पावसाळा जायचा. आई न्यूमोनियाने मेली, तिच्या खाटेवर ताडपत्री बांधलेली होती.

म्हणून मला स्वतःचं घर घ्यायचं होतं. दोन खोल्या. ज्यांचं छप्पर फुटलं तर मीच दुरुस्त करीन, कोणाला न विचारता. बस्स, एवढीच हाव. भाऊ नाही, नवरा केला नाही. मी आणि बापूस.

मोरजीत विचारायची सोय नाही. ज्या खोलीच्या चादरी मी बदलते, त्या खोलीचं न्हाणीघरही मला जन्मात परवडलं नसतं. तेव्हा हा भेटला. सुदेश. गेस्टहाउसात गिऱ्हाइकं घेऊन यायचा. म्हणाला, "किनाऱ्यार कित्याक बघतंस गो? डिचोलीकडे बघ. सर्वणात बिल्डिंग उबी रवता, तुका परवडतली. वर सरकाराची मदत मेळता. फारम मी भरतंय."

"तुझी फी?"

"फी नको गो तुजी. तू माजी भयण."

मला बरं वाटलं. मूर्ख मी. जो माणूस माझ्यासाठी राबतो आणि माझ्याकडून काही घेत नाही, त्याला कोणीतरी दुसरा देत असणार, एवढं मला कळू नये? गेस्टहाउसात मी रोज बघते, रिक्षावाला गिऱ्हाइकाला म्हणतो माझं काही नको, आणि काउंटरवरून पाकीट घेऊन जातो. रोज बघते. स्वतःवर आलं तेव्हा दिसलं नाही.

त्याने आम्हाला सर्वणाला नेलं, स्वतःच्या गाडीतून. शेताच्या कडेला तीन मजले उभे होते. नमुन्याचा फ्लॅट दाखवला. बापूस चपला हातात घेऊन दारात उभा. मी म्हटलं आत ये, तर म्हणाला, "हांगाच बरां." मी एकटी फिरले. स्वयंपाकघराला खिडकी होती, खिडकीतून शेत. चूल कुठं, पिंप कुठं, मी ठरवूनही टाकलं. खोटं कशाला सांगू, परत येताना गाडीत मी गाणं म्हटलं.

मग फारम. सुदेश आमच्या ओसरीवर बसून भरत होता. चहाबरोबर मी उंडे पाव दिले होते. त्याने विचारलं, "सोताचां घर आसा?"

बापूस लगेच म्हणाला, "ना रे बाबा. भाटकाराचां."

हेच उत्तर. मतदार यादीवाला आला तरी हेच, लाइटवाला आला तरी हेच. घर कोणाचं? भाटकाराचं. म्हणताना मान थोडी खाली जाते, आपोआप.

"मग भाड्यान रवतास म्हणून लिवया," सुदेश म्हणाला. "सोताचां घर आसलां तर मदत मेळना." एक स्टॅंपपेपर काढला. त्यावर भाडेकरार, मागच्या वर्षापासूनचा. भाटकाराची सही आधीच होती. बारा महिन्यांच्या भाड्याच्या पावत्याही होत्या, आम्ही कधी न दिलेल्या भाड्याच्या. बापसाने अंगठा दिला. साक्षीदार म्हणून मी सही केली.

दहावी पास आहे मी. वाचून सही केली. भाटकाराची सही आधी कशी आली, हे मला विचारायला सुचलं नाही. उलट वाटलं, भाटकाराने सही दिली, एवढा कसा चांगला झाला.

आता परत अंगणात.

मी विहिरीवरून आले, ओल्या हातांनी. "ही माणसां कोण रे सुदेश?"

"पार्टी. जागा बघूक इल्यात."

"खंयची जागा?"

"ही."

"आमची जागा तू विकतंस?"

तो गालात हसला. "तुमची?" मोबाइल काढून त्याने फोटो दाखवला. बापसाचा अंगठा, माझी सही. "तुमी भाडेकरू गो. करार संपलो. नोटीस येतली, सर्वणात जावा. काम मी भाटकाराचां करतंय, तुजां नाय."

मी त्याची कॉलर धरली. त्याने थोबाडीत दिली. उलट्या हाताने. अंगठी ओठाला लागली, तोंडात रक्त आलं. पाहुण्यांतला एकजण अजून शूटिंग करत होता.

आणि माझ्या बापसाने काय केलं? छाती सोललेली, सदरा फाटलेला, तो माणूस पुढे आला आणि हात जोडून एजंटाला म्हणाला, "चुकला तिचां. माफी करा. पोरग्यां आसा."

मला थोबाडीत मारलेलं लागलं नाही. ते लागलं.

कोयता बापसाच्या कमरेला होता. मी खेचून घेतला. पहिला घाव सुदेशच्या गाडीच्या काचेवर घातला. काच गेली. दुसरा बॉनेटवर. पाहुणे ओरडत बांधापर्यंत पळाले, बाई चपला टाकून पळाली. सुदेश मागं मागं सरकत माडाच्या आळ्यात उताणा पडला. मी त्याच्या छातीवर पाय दिला आणि पातं गळ्याला लावलं. माझा ओठ गळत होता, थेंब त्याच्या शर्टावर पडत होते.

"माझो बापूस जाग्याबरोबर येणा नाय," मी म्हटलं. "सांग त्यांका. हिंदीत सांग."

"जगह के साथ नहीं आता," तो म्हणाला. "नहीं आता, मॅडम."

मला तो कापायचा होता. हो. कोणी विचारलं तर असंच सांगते. हात वर गेला होता. बापूस माझ्या दंडाला लोंबकळला म्हणून वाचला मेला.

चौकीवर संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. गाडी फोडली, मारायची धमकी दिली, गुन्हा दाखल. माझ्या ओठाचा गुन्हा कोणी लिहिला नाही. सुटून घरी आले तर बापूस ओसरीवर खुशीत. म्हणाला, भाटकाराकडे गेलो होतो, पाया पडलो. महिन्याभरात घर खाली केलं तर एजंटाला तक्रार मागे घ्यायला लावतो म्हणालेत. "मोठ्या मनाचो माणूस तो."

मी भांडं भिंतीवर फेकलं. बापसावर हात उचलायचा तेवढा बाकी ठेवला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मामलेदाराच्या कचेरीत गेले. मुंडकारांचं काम तिथंच चालतं, एवढंच ऐकून होते. एक म्हातारा कारकून होता, निवृत्तीला आलेला. त्याने भाडेकराराची प्रत वाचली, चष्मा काढला.

"कोणी सांगितलं सही करायला?"

"एजंटाने."

"कोणाच्या?"

दोन दिवसांपूर्वी मी म्हटलं असतं, आमच्या. आता म्हटलं, भाटकाराच्या. मग तो सांगू लागला. गोवा मुक्त झाला, त्यानंतर काही वर्षांनी मुंडकारांचा कायदा झाला. मुंडकाराला काढता येत नाही. घर आणि घराभोवतीची जमीन विकत घ्यायचा हक्क त्याचा, आणि किंमत बाजाराची नव्हे, मामलेदार ठरवील ती, थोडकी. पण भाटकाराच्या घरात भाडं देऊन राहतो, असं ठरलं की मुंडकारपण गेलं. "म्हणून तो कागद केला, बाई. तुम्हाला सर्वणात घर देण्यासाठी नव्हे. इथून उठवण्यासाठी."

मी कचेरीच्या पायरीवर बसले. स्वस्त घर शोधत डिचोलीपर्यंत गेलेली मी. अख्ख्या गोव्यात माझ्यासाठी सगळ्यात स्वस्त घर मी रोज झाडत होते. बापसाला सांगितलं नव्हतं कोणी. बापसाच्या बापसाला नव्हतं. भाटकाराला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आईच्या खाटेवर ताडपत्री बांधली तेव्हाही त्याला माहीत होतं.

अर्ज घातला. सुनावणी लागली.

भाटकार खुर्चीवर, त्याचा वकील खुर्चीवर, सुदेश मागच्या बाकावर. बापूस उभा. खुर्ची रिकामी होती, मामलेदार म्हणाले बसा, तरी उभा. मामलेदारांनी साधं विचारलं, "घर कोणाचं?"

बापसाची मान खाली गेली. "भाटकाराचां, सायबा."

वकील हसला. भाटकाराने पाय लांब केले. मी घरी महिनाभर शिकवलं होतं, माझां म्हण, माझां म्हण. सगळं फुकट. माझ्या अंगाची लाही झाली. मी उठले.

"साहेब, हे उत्तर ह्याचं नाही. ह्याच्या तोंडात चार पिढ्या कोंबलेलं आहे. मला विचारू द्या."

वकील ओरडला. मामलेदार म्हणाले, विचारा.

"बाबा, भिंती कोणी घातल्यो?"

"मी नि तुज्या आवशीन."

"माती खंयची?"

"नदीकडची. टोपलेतून हाडलंव. तू पोटात होतंस."

"नि भाडां किती दिलास भाटकाराक?"

बापसाने मान वर केली. पहिल्यांदा. त्याला प्रश्नच कळेना. "भाडां? कसलां भाडां?" तो भाटकाराकडेच वळला, विचारायला. "आमी तुमकां भाडां कधी दिलां ओ? आमी फुकट चढतंव मा?"

भाटकार खिडकीबाहेर बघत राहिला. पन्नास वर्षं ज्याच्यापुढे मान खाली होती तो माणूस बापसाला उत्तर देईना. बापूस थांबला, वाट बघितली. मग त्याला कळलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं त्याला कळताना. त्याने मागं हात नेला, खुर्ची ओढली आणि बसला.

मामलेदारांनी ते लिहून घेतलं. भाडं कधी दिलं नाही, फुकट चढतो.

निकाल आमच्या बाजूने लागला, मुंडकार म्हणून नाव चढलं. भाटकाराने अपील केलं. ते चालू आहे, किती वर्षं चालेल माहीत नाही. घर विकत घ्यायचा अर्ज त्याखाली अडकून पडलाय. मध्ये एकदा जेसीबी बांधापर्यंत आला होता. मी दारात बसून राहिले, कोयता मांडीवर. तो परत गेला. छप्पर मी बदललं, कोणाला न विचारता. पाडप आता फुकट होत नाही, बापूस चढत नाही.

वाड्यावर, आमच्या वस्तीत, कोणी घर घ्यायचं म्हटलं की मी तिथं जाऊन बसते. एजंट आला की पहिला प्रश्न माझा. तू कोणाचा? पैसे तुला कोण देतो? तोंडी नको, लिहून दे. मदतीचं फारम असलं तर आधी घरात वाचायचं, दोन दिवस ठेवायचं, आणि आपल्या घराबद्दल त्यात काय लिहिलंय ते बघायचं. एक दोघे एजंट लिहून देतात. बाकीचे उठून जातात. सुदेश आमच्या वाटेला येत नाही.

गाडी फोडल्याची केस माझ्यावर अजून आहे. वकील सांगतो, माफी माग, मिटून जाईल, दोन ओळी लिहायच्या फक्त. भाटकारही तयार आहे म्हणे.

मी नाही म्हटलं. माझ्या वाटणीची माफी बापसाने त्या दिवशी अंगणात मागून टाकली, ओठातलं रक्त मी गिळत असताना. आमच्या घरातली ती शेवटची. जेल झाली तर जेल. दाराची चावी बापसाकडे राहील.