बसका आवाज घेऊन शिरूर ते दौंड

पुण्याहून शिरूरची एसटी पकडली तेव्हा आवाज माझ्याजवळ होता. थोडा जाड झाला होता, पण होता. वाघोलीच्या गर्दीत बस बराच वेळ अडकली आणि मागच्या गृहस्थांनी खिडकी काही लावू दिली नाही. रांजणगावचे कारखाने दिसायला लागले तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठं उतरणार?" मी तोंड उघडलं, तर नुसती हवा आली.

मी सूत्रसंचालन करते. साखरपुडा, सत्कार, उद्घाटन, शोकसभा. उभ्या असलेल्या माणसाबद्दल गोड बोलायचं, हा माझा वीस वर्षांचा धंदा. शोकसभेत माणूस उभा नसतो, एवढाच फरक. त्या दिवशी दुपारी मांडवगण फराट्याला एका आप्पांचा अमृतमहोत्सव होता आणि दुसऱ्या दिवशी दौंडला एका मुख्याध्यापकांचा निरोपसमारंभ.

शिरूरला उतरल्या उतरल्या घशाच्या डॉक्टरांकडे गेले.

"अजिबात बोलू नका," ते म्हणाले. "किती दिवस त्रास होतोय?"

मी दोन बोटं दाखवली.

"दोन महिने?"

मान हलवली.

"दोन वर्षं?"

"दोन दिवस," मी कसंबसं म्हटलं.

"बोलू नका म्हटलं ना."

त्यांनी नाकातून नळी घालून पडद्यावर माझ्या स्वरपट्ट्या दाखवल्या. लोक ज्याला 'मधाळ आवाज' म्हणतात तो लाल, सुजलेला आणि ओल्या पापडासारखा दिसत होता. पाच दिवस मौन. कुजबुजायचंही नाही, त्यानं ताण पडतो. खाकरायचं नाही. भरपूर पाणी आणि साध्या पाण्याची वाफ. 'गोळी घेऊन आजचा कार्यक्रम करू का?' मी मोबाइलवर लिहिलं. त्यांनी वाचून चष्मा काढला. "करा. पट्टीत रक्त साकळलं, तर मग पुढचे काही महिने काहीच करायला नको."

आप्पांचे चिरंजीव तुषारदादा कार्यक्रमाचे यजमान. त्यांना मेसेज केला. आवाज गेल्याचं वाचून त्यांनी लगेच फोन केला.

"आवाज न्हाई म्हंजी काय, मॅडम? माईक हाय की. दोन मोठे बॉक्स लावलेत. तुम्ही नुस्ते ओठ हलवा, बाकीचं साऊंडवाला बघंल. आन् आता मार्केट यार्डात या, माझ्या आडतीच्या दुकानावर. तिथनं गाडीनं जाऊ."

यार्डात कांद्याचा लिलाव चालू होता. साठीचे एक आबा एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे जात भाव पुकारत होते. व्यापाऱ्यांच्या गलक्यातही त्यांचा शब्द न् शब्द कळत होता. आडतीवर मात्र माझ्या घशाची बातमी पोचली होती आणि उपायांचाच लिलाव सुरू झाला. कुणी भाजलेला कांदा गळ्याला बांधा म्हणालं, कुणी मध-मिरी, तर एकानं हळूच रमचं टोपण सुचवलं. आवाजाची निगा या विषयावर मी कॉलेजांत व्याख्यानं देते. तरी तासाभरात मी ज्येष्ठमधाची काडी चघळली, मिरीचा काढा प्यायले आणि घसा बधिर करणाऱ्या दोन गोळ्या खाल्ल्या. मग जोरात खाकरले.

"खाकरू नका." लिलाव संपवून आबा शेजारी येऊन बसले होते. "घोटभर पाणी प्या."

चहावाल्याला त्यांनी दोन बोटांनीच चहा सांगितला. मग अगदी हळू बोलले. "एकदा ताप अंगावर काढून तीन दिवस पुकारा केला. आवाज गेला तो पावसाळाभर. माझ्या जागी दुसरा माणूस आला, मी गोणी शिवत बसलो. त्यातच पोरीचं लगीन. पाव्हण्यांना 'जेवून जा' म्हणायचं, तर तेबी हातवारे करून."

मी खुणेनंच विचारलं, मग?

"मग गप बसलो. तवा आला. आता लिलाव संपला की कुणाशी बोलत न्हाई. बायको म्हणती, मग घरी तरी कशाला येता?"

चहा पिऊन ते उठले. जाताना नुसता हात वर केला.

तुषारदादांच्या गाडीत एसी सगळा माझ्या तोंडावर होता. न्हावऱ्यापर्यंत ते आपल्या पुढच्या निवडणुकीविषयी बोलले. माझ्या गप्प राहण्याला ते संमती समजत असावेत. न्हावऱ्याला मिसळीसाठी गाडी थांबली. "तर्री घ्या, घसा मोकळा हुतो," ते म्हणाले. भूक लागली होती, घेतली. गाडी पुन्हा सुरू झाली आणि उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना जो खोकला सुरू झाला तो थांबेचना. डोळ्यांतून पाणी, छातीत कळ. उबळ ओसरल्यावर 'आ' म्हणून पाहिलं. काहीच आलं नाही. तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली. पुन्हा आवाज आलाच नाही तर मी कोण? मोबाइलवर लिहिलं, 'मी आज बोलणार नाही.' तुषारदादांनी वाचलं आणि हसले. "बोलू नका. नुस्तं वाचून दाखवा."

मांडवगण फराटा भीमेच्या काठचं, चारही बाजूंनी उसात बुडालेलं गाव. घरासमोर मांडव, मांडवात फुलांचं सिंहासन, आणि सिंहासनाशेजारी साध्या खुर्चीवर बसलेले आप्पा. त्यांना सिंहासन टोचत होतं. तुषारदादांच्या पत्नी सुनीता मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि गरम पाण्याचं पातेलं पुढं ठेवलं.

"नुसतं पाणी हाय, ताई. बाम घातला न्हाई, झोंबतो."

त्या दिवशी डॉक्टर आणि आबा सोडले, तर मी ऐकलेलं ते पहिलं शहाणं वाक्य. टॉवेल डोक्यावर घेऊन वाफ घेत होते, तेवढ्यात टॉवेलबाहेर कुणीतरी वाचत असल्याचं ऐकू आलं. सुनीता खाटेवरचे माझे कार्यक्रमाचे कागद उचलून सावकाश, स्वच्छ वाचत होत्या. मी टॉवेल काढताच त्यांनी कागद खाली ठेवले. "चुकून हात लागला," म्हणाल्या.

तुषारदादांनी माझं नाव पुकारलं. मी उठले, माईक घेतला आणि कागदांसकट मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या सुनीतांच्या हातात दिला. तुषारदादा अर्धवट उठले, पण सगळं गाव बघत होतं, म्हणून पुन्हा बसले.

कागदावरची विशेषणं तुषारदादांनी स्वतः निवडलेली होती. सुनीतांनी 'कर्मयोगी' वाचलं, 'दीनांचे कैवारी' वाचलं. 'शिक्षणमहर्षी' आलं तशा थांबल्या. आप्पांकडे पाहिलं.

"आप्पा चौथी शिकल्यात," त्या म्हणाल्या. "माझं बी.ए.चं एक वर्ष राहिलं व्हतं. लग्नानंतर घरात सगळे नको म्हणत व्हते. आप्पांनी फॉर्म भरला. दौंडला पेपर असला की स्वतः गाडीवर सोडायचे आन् पेपर सुटस्तोवर बाहेर झाडाखाली बसायचे." एवढं बोलून त्यांनी पान उलटलं.

आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. 'सगळे' या शब्दापासून तुषारदादा मांडवाच्या छताकडे बघत होते. पाऊण तासात कार्यक्रम संपला. प्रमुख पाहुणे आले तेव्हा पंगत बसली होती. मी सूत्रसंचालन केलेल्या सत्काराला कधी कुणी रडल्याचं मला आठवत नाही. शेजारच्या आजींनी सुनीतांचं कौतुक करून झाल्यावर माझ्या गळ्याभोवतीचा मफलर पाहिला. "तू कोण गं?" त्यांनी विचारलं.

दौंडच्या मंडळींना दिलगिरीचा मेसेज पाठवला. 'हरकत नाही, आमचे मराठीचे सर बोलतील,' असं दोन मिनिटांत उत्तर आलं. इतक्या लवकर यायला नको होतं.

सकाळी मांडवगणहून दौंडला आले आणि पुण्याची रेल्वेगाडी धरली. समोरच्या बाई मला मुकी समजल्या. आधी मोठ्यानं बोलून पाहिलं, मग पेरू दिला आणि पुण्यापर्यंत आपल्या जावेविषयी असं काही सांगितलं, की बोलता येणाऱ्या बाईला त्यांनी ते कधीच सांगितलं नसतं. वीस वर्षांत इतकं मी कुणाचं ऐकलं नव्हतं.

घरी पाच दिवस मौन पाळलं. नवरा म्हणाला, डॉक्टर चांगले आहेत, त्यांचा नंबर ठेव. सहाव्या दिवशी आवाज परत आला, आधी खरखरीत, मग ओळखीचा. जगाचं तोवर काही अडलं नव्हतं, हे मात्र कुठल्याही काढ्यानं घशाखाली उतरेना.

त्याच आठवड्यात सुनीतांचा फोन आला. शेजारच्या दोन गावांतून त्यांना सूत्रसंचालनाचं बोलावणं होतं.

"ताई, एक विचारायचं व्हतं. आजारी पडलं, घसा बसला, तर काय करायचं असतं?"

मी व्याख्यानाचा सूर लावला. "सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गप्प बसायचं."

त्या हसल्या.

"ते येतं मला. चौदा वर्षं या घरात तेच केलंय. त्याच्या पुढचं सांगा."