पहिलं कलम

अण्णा बोऱ्हाडे कायदा चिकटवायचे. नगरच्या आमच्या कामगार संघटनेच्या कचेरीत कायद्यांचं एक जाडजूड पुस्तक होतं. दिल्लीत काही बदल झाला की अण्णा तो राजपत्रातून चिठ्ठीवर उतरवून घेत आणि चिंचोक्याच्या खळीने त्या त्या पानावर डकवीत. मी तिथे टायपिस्ट होते. चिकट बोटांचा आणि फुशारकीच्या आवाजाचा हा माणूस मला पहिल्याच दिवशी आवडला.

"बाई, पयलं कलम नुसतं नावगावाचं असतंय," ते मला शिकवायचे. "त्यात टाइम घालवू नका. माल पुढं असतो."

बहात्तरच्या दुष्काळात ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. सलग पाच वर्षं राबलेल्याने काम सोडलं की मालकाने त्याला रक्कम द्यायची. अण्णा दिवसभर ज्याला त्याला तेच सांगत होते. संध्याकाळी तेलगिरणीतले रहिमानभाई आले. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर दम्याने त्यांना पार पोखरलं होतं. ह्या कायद्यासाठीच ते कसेबसे पाळीला उभे राहत होते.

"अण्णा, सोडू का आता?"

"बिनघोर सोडा. म्या सोता वाचलाय."

रहिमानभाईंनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. मालकाने तो तिथल्या तिथे मंजूर केला आणि रकमेचं विचारल्यावर सांगितलं की कायदा अजून लागूच झालेला नाही. अण्णांनी घाईघाईने राजपत्र काढलं. पहिल्याच कलमात लिहिलं होतं, सरकार पुढे जाहीर करील त्या तारखेपासून. ती तारीख अजून यायची होती.

ती यायच्या आत राजीनामा परत मिळवायचा म्हणून अण्णा वेड्यासारखे फिरले. गिरणीच्या फाटकात मालकासमोर हात जोडून म्हणाले, "चूक माझी हाय. त्याला परत घ्या." मालक म्हणाले, "त्यांच्या जागी कधीच माणूस लावला. दुष्काळात माणसांना काय तोटा?" सरकारी कामगार कचेरीतल्या साहेबांनी तर अण्णांनाच कायदा वाचून दाखवला. मला तिथे उभं राहवेना. अशातच ती तारीख आली आणि गिरणीतल्या बाकी सगळ्यांना कायदा लागू झाला.

आम्ही रहिमानभाईंकडे गेलो. ते खाटेवर बसून धापा टाकत होते. अण्णांनी काही लपवलं नाही. रहिमानभाईंनी ऐकून घेतलं आणि दम खात म्हणाले, "जाऊ द्या. माझा जावय बी गिरनीतच हाय. त्यानं कवा सोडायचं, ते तुमीच सांगा."

अण्णा उठले. त्यानंतर ते कचेरीत आलेच नाहीत. मी घरी बोलवायला गेले, तर दाराआडूनच म्हणाले, "बाई, रहिमानला सांगा, माझ्यावर भरवसा नगं ठिवू."